शाळेला लेखी जाब विचारणारे कॉ. आर. बी. मोरे

दरवर्षी मार्च महिन्यात महाडच्या क्रांतिभूमीवर निळा जनसागर लोटतो. चवदार तळ्याला वंदन होते, सभा होतात, पुस्तकांचे स्टॉल लागतात आणि माणसे आपापल्या गावी परततात. परंतु ज्या परिषदेमुळे हा दिवस उजाडला, ती परिषद महाडातच भरावी म्हणून ज्यांनी वर्षानुवर्षे ध्यास घेतला, त्या कॉ. रामचंद्र बाबाजी मोरे यांचे नाव नव्या पिढीतील किती जणांना ठाऊक आहे? ज्यांना ठाऊक आहे, त्यांच्यापैकीही बरेच जण त्यांच्यावर कम्युनिस्ट हा शिक्का मारतात आणि तेथेच थांबतात. मोरे यांची लढाई चवदार तळ्यापासून सुरू झालेली नाही. ती त्याच्या तेरा वर्षे आधी, महाडच्याच इंग्रजी शाळेच्या दारात सुरू झाली. तळ्याकडे जाणारी त्यांची वाट शाळेवरून गेली, ही गोष्ट आज मुद्दाम सांगण्याची गरज आम्हाला वाटते.

त्याला कारण आहे. महाड आणि पोलादपूर तालुक्यांतील पालक शाळेची गाऱ्हाणी घेऊन आमच्याकडे येतात. कोणाच्या मुलाचे नाव गैरहजेरीमुळे हजेरीपटावरून कमी केलेले असते. कोणी पोट भरायला मुंबई-सुरतेकडे जाऊन परत आलेले असतात आणि शाळेने वर्षाच्या मध्येच मुलाला घ्यायला नकार दिलेला असतो. कोणाचे कागद पुरात गेलेले असतात. कोणाच्या वाडीतील शाळेचा पट घटला म्हणून ती बंद होणार, अशी कुणकुण लागलेली असते. या सर्व पालकांना आम्ही पहिला प्रश्न विचारतो, की शाळेकडे लेखी अर्ज दिला का आणि त्याची पोच घेतली का? बहुतेकांचे उत्तर नाही असे असते. ते मुख्याध्यापकांना चार वेळा भेटलेले असतात, हात जोडलेले असतात, भांडलेलेही असतात. पण कागद एकही नसतो. कागद नसला की कायद्याच्या दृष्टीने तक्रार झालेलीच नसते. ज्या मातीत अकरा वर्षांच्या एका पोराने शाळेला लेखी जाब विचारला होता, त्याच मातीतील पालकांनी शंभर वर्षांनंतर रिकाम्या हाताने फिरावे, याची आम्हाला खंत वाटते.

रामचंद्र मोरे यांचा जन्म १ मार्च १९०३ रोजी महाड तालुक्यातील लाडवली या गावी झाला. हा मुलूख तेव्हा कुलाबा जिल्ह्यात मोडत असे. रायगड हे नाव १९८१ साली आले. महाड, दासगाव, पोलादपूर, पलीकडे दापोली, खेड या पट्ट्यातील महार समाजातून ब्रिटिशांच्या पलटणीत मोठी भरती झाली होती. पलटणीत शिपायांना आणि त्यांच्या मुलांना लिहिणे-वाचणे शिकवले जाई. त्यामुळे पेन्शन घेऊन गावी परतलेल्या माणसांच्या घरांत अक्षर पोहोचले होते. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर हे त्यांच्यापैकीच एक. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, सैन्यभरतीची दारे महारांना बंद झाली तेव्हा त्यांनी सरकारदरबारी अर्ज केला, वर्तमानपत्रांतून लेख लिहिले आणि महाड तालुका लोकल बोर्डावर ते सरकारनियुक्त सभासदही झाले. म्हणजे अन्यायाविरुद्ध कागद हाती घेण्याची परंपरा या भागात मोरे यांच्या जन्माआधीच सुरू झालेली होती.

मात्र घरात अक्षर आले म्हणून शाळेचे दार उघडत नव्हते. या संदर्भात धारवाडचे प्रकरण प्रत्येक पालकाने माहीत करून घ्यावे असे आहे. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारला गेला. त्याने मुंबई सरकारकडे अर्ज केला. सरकारने तत्त्व म्हणून त्याचे म्हणणे चूक ठरवले नाही. पण एका मुलासाठी बाकीच्या जातींची मुले शाळा सोडून जातील, या भीतीने त्याला दाद दिली नाही. पुढे लंडनहून कंपनीच्या संचालक मंडळाने सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा सर्व वर्गांना खुल्या असल्याचे कळवले. १८८२ च्या हंटर आयोगाच्या अहवालातही हे प्रकरण नोंदले गेले. परंतु धोरण कागदावर राहिले आणि मुले शाळेच्या व्हरांड्यात राहिली. खुद्द बाबासाहेब ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाले, तेव्हा त्यांनाही इतर मुलांपासून वेगळे, घरून नेलेल्या गोणपाटावर बसावे लागले होते, हे सर्वश्रुत आहे.

मोरे यांच्या डोक्यावरचे वडिलांचे छत्र लवकर हरपले. घरची परिस्थिती बेताची होती, पण मुलगा हुशार होता. प्राथमिक शिक्षण पुरे करून त्याने सरकारी शिष्यवृत्ती मिळवली. पुढचे शिक्षण म्हणजे महाडची इंग्रजी शाळा. १९१४ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, रामचंद्र तेथे प्रवेशासाठी गेला. गुणवत्ता होती, सरकारने मंजूर केलेली शिष्यवृत्ती होती, वय योग्य होते. तरीही शाळेने त्याला घेतले नाही. कारण एकच, तो महाराचा मुलगा होता.

अशा वेळी सामान्यतः काय घडते? मूल रडत घरी येते. आई देवाला किंवा नशिबाला दोष देते. गावातील जाणती माणसे समजूत घालतात, की बाबा, आपल्याला कुठे मामलेदार व्हायचे आहे, चार अक्षरे आली तेवढी पुरे. त्या काळात हजारो मुलांचे शिक्षण अशाच समजुतीने संपले. त्यांच्या गळतीची नोंद कोणत्याही हजेरीपटावर नाही; कारण जो शाळेत घेतलाच गेला नाही, तो गैरहजरही ठरत नाही.

रामचंद्राने समजूत करून घेतली नाही. त्याने वर्तमानपत्राला पत्र लिहिले. शिष्यवृत्ती मिळवूनही केवळ अस्पृश्य म्हणून शाळेने आपल्याला प्रवेश नाकारला आहे, आणि ही शाळा सरकारचे अनुदान घेते, हा मुद्दा त्या पत्राने चव्हाट्यावर आणला. पत्र छापून आले आणि शाळेचे चालक अडचणीत आले. मुलाच्या अश्रूंनी जे झाले नसते, ते अनुदानाच्या प्रश्नाने झाले. रामचंद्र मोरे यांना प्रवेश मिळाला.

या घटनेकडे आम्ही वकील म्हणून पाहतो, तेव्हा तिचे महत्त्व अधिक जाणवते. अकरा वर्षांच्या मुलाला कायद्याचे शिक्षण नव्हते. पण त्याच्या पत्रात एका चांगल्या तक्रारीला लागते ते सर्व होते. काय घडले, कोणत्या शाळेत घडले, कशाच्या आधारावर आपला हक्क आहे आणि शाळा कोणाच्या पैशावर चालते. त्याने दयेची याचना केली नाही, सार्वजनिक पैशाचा हिशेब मागितला. जो पैसा सर्वांच्या कराचा आहे, त्यावर चालणारी शाळा काहींसाठी बंद कशी? हा प्रश्न नैतिक तर होताच, पण त्याहून अधिक तो कायदेशीर होता. पुढे १९२३ साली, अस्पृश्य मुलांना प्रवेश नाकारणाऱ्या अनुदानित शाळांना अनुदान देऊ नये, असे धोरण मुंबई सरकारनेच जाहीर केले. महाडच्या पोराने हाच मुद्दा नऊ वर्षे आधी मांडला होता.

परंतु प्रवेश मिळाला म्हणजे समता मिळाली असे नव्हे. शाळेत मोरे यांना इतर मुलांपासून वेगळे बसवले गेले. नाव हजेरीपटावर होते, मूल मात्र वर्गाच्या बाहेरच होते. आजही काही पालक आम्हाला सांगतात, की मुलाला शाळेत घेतले आहे पण शेवटच्या बाकावर बसवतात, पोषण आहाराच्या वेळी वेगळी रांग करतात, वर्ग झाडायला त्यालाच सांगतात. मग तो शाळेत जायला कंटाळतो आणि गैरहजेरी लागते. ती गैरहजेरी मुलाच्या नावावर मांडली जाते. तिचे कारण शाळेच्या वागणुकीत असेल, तर ते कुठे मांडायचे? मोरे यांच्या आयुष्याने हा प्रश्न १९१४ सालीच उभा केला होता.

त्या काळातील हजेरीच्या कायद्यांकडेही पाहिले पाहिजे. बडोद्यात सयाजीराव गायकवाड यांनी १९०६ साली संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा हुकूम काढला आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. दोघांचेही हे कार्य थोर आहे. पण शाहू महाराजांचे मोठेपण एवढ्यावर थांबत नाही. १९१९ साली त्यांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्व मुलांना एकाच शाळेत बसवण्याचा हुकूम दिला. पालकाला दंड लावणाऱ्या राजाने शाळेलाही शिस्त लावली. इंग्रजी मुलखात मात्र १९१८, १९२३ आणि पुढे १९४७ च्या प्राथमिक शिक्षण कायद्यांतून पालकाला जाब विचारण्याची व्यवस्था होत गेली. शाळेला जाब विचारण्याचे काम मोरे यांच्यासारख्या मुलांवर आणि त्यांच्या समाजावरच राहिले.

मोरे यांना पुढे शिक्षण अर्धवट सोडावे लागले. पोटासाठी त्यांनी मुंबई-पुण्याकडे धाव घेतली, मिळेल ते काम केले. पण महाडशी त्यांचा संबंध तुटला नाही. महाड ही आसपासच्या खेड्यांची बाजारपेठ. लाकूडफाटा, कोंबड्या, गवताचे भारे घेऊन अस्पृश्य माणसे मैलोन् मैल चालत येत आणि त्यांना घोटभर पाणी मिळत नसे. अशा लोकांसाठी महाडात चहापाण्याचे दुकान निघाले, त्यामागे मोरे यांची प्रेरणा होती. तेथे चहा मिळे, पाणी मिळे आणि अर्जही लिहून मिळत. खोताने जमीन काढून घेतली, सावकाराने खोटा हिशेब केला, वतनाचा तंटा झाला, की लोक तेथे येत आणि मोरे त्यांचे अर्ज लिहून देत. शाळेच्या दारात जे स्वतःसाठी केले, ते आता ते समाजासाठी करू लागले. चळवळ अशी उभी राहते. ती आधी माणसाचे गाऱ्हाणे ऐकते, मग ते कागदावर उतरवते.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, कोर्टे, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्यांना खुले असल्याचे त्यात होते. पाण्याबरोबर शाळेचाही उल्लेख या ठरावात आहे, हे आपण बहुधा विसरतो. ५ जानेवारी १९२४ रोजी महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले करण्याचा ठराव केला. ठराव झाला, पण पाणी भरायला कोणी धजावत नव्हते. कागदावरचा हक्क प्रत्यक्षात आणायचा तर बाबासाहेबांना महाडात आणून परिषद घेतली पाहिजे, असा ध्यास मोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतला. त्यासाठी त्यांनी बाबासाहेबांच्या भेटी घेतल्या आणि गावोगाव फिरून लोक तयार केले.

१९ आणि २० मार्च १९२७ रोजी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद महाडात भरली. परिषदेला आलेल्या हजारो माणसांसाठी पाणीही मिळत नव्हते. चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. बाबासाहेबांच्या भाषणाचा आणि २० मार्चच्या तळ्यावरील कृतीचा इतिहास आपणा सर्वांना माहीत आहे. त्या परिषदेचे ठराव मात्र फारसे वाचले जात नाहीत. अस्पृश्यांच्या मुलांना मोफत आणि सक्तीचे प्राथमिक शिक्षण द्यावे, त्यांच्या वसतिगृहांना मदत करावी आणि बोले ठरावाची खरीखुरी अंमलबजावणी करावी, अशी मागणी परिषदेने सरकारकडे केली होती. स्पृश्यांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांना वार लावून जेवण द्यावे, असेही आवाहन होते. म्हणजे महाडचा संगर केवळ पाण्याचा नव्हता. शाळेत मूल टिकले पाहिजे, त्यासाठी त्याच्या पोटाची आणि राहण्याची सोय झाली पाहिजे, हे त्या परिषदेला पक्के ठाऊक होते. ज्यांनी शाळेबाहेर बसून शिक्षण घेतले, तेच त्या परिषदेच्या उभारणीत पुढे होते; मग हे ठराव झाले यात नवल ते काय?

तळ्यावरून परतणाऱ्या लोकांवर सनातन्यांनी हल्ला केला. हल्लेखोरांवर खटले झाले आणि जून १९२७ मध्ये पाच जणांना सक्तमजुरीची शिक्षा झाली. डिसेंबर १९२७ मध्ये सत्याग्रह परिषद भरण्याआधीच सनातन्यांनी दिवाणी न्यायालयातून तात्पुरता मनाईहुकूम आणला. बाबासाहेबांनी सत्याग्रह स्थगित केला, पण २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. तळ्याचा दावा पुढे जवळपास दहा वर्षे चालला. महाडच्या न्यायालयाने १९३१ साली, ठाण्याच्या न्यायालयाने १९३३ साली आणि मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी सनातन्यांचा दावा फेटाळला. तळे नगरपालिकेचे ठरले आणि अस्पृश्यांना बंदी करण्याची अनादी काळापासूनची रूढी त्यांना सिद्ध करता आली नाही. न्यायालयाचा रस्ता लांबचा असतो. पण सभेतील घोषणा विरून जाते आणि निकालाचा कागद टिकतो, हा महाडचाच धडा आहे.

यानंतरचे मोरे यांचे आयुष्य मुंबईच्या कामगार चळवळीत गेले. १९२८ च्या गिरणी संपाच्या काळात ते लाल बावट्याच्या जवळ आले आणि १९३० साली कम्युनिस्ट पक्षाचे सभासद झाले. आपल्यातील अनेकांना ही गोष्ट खटकते. बाबासाहेबांचे कम्युनिस्टांशी असलेले मतभेद तीव्र होते आणि ते रास्त होते, याबद्दल आमच्या मनात संदेह नाही. परंतु मोरे यांनी बाबासाहेबांशी द्रोह केला असे म्हणता येणार नाही. ते पक्षात राहून जातीच्या प्रश्नावर पक्षाला डिवचत राहिले. अस्पृश्यतेचा प्रश्न आर्थिक लढ्यात आपोआप विरघळून जाईल, ही सवर्ण कॉम्रेडांची समजूत त्यांनी कधी मान्य केली नाही; त्यासाठी पक्षाच्या नेतृत्वाकडे त्यांनी लेखी निवेदन दिले. म्हणजे येथेही त्यांची पद्धत तीच होती. आपल्याच घरातील कारभाऱ्यांना जाब विचारायचा तो कागदावर.

कोकणातील खोतीविरुद्ध बाबासाहेबांनी सप्टेंबर १९३७ मध्ये कायदेमंडळात विधेयक मांडले आणि १० जानेवारी १९३८ रोजी शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या कौन्सिल हॉलवर नेला. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून संप केला. निळा आणि लाल झेंडा एकत्र आल्याचे हे क्षण मोरे यांच्यासारख्या दुव्यांमुळेच शक्य झाले. कम्युनिस्ट पक्ष फुटल्यावर ते मार्क्सवादी पक्षात गेले आणि १४ एप्रिल १९६५ रोजी, बाबासाहेबांच्या जयंतीदिनी, त्यांनी जीवनमार्ग हे साप्ताहिक सुरू केले. ११ मे १९७२ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचे अपुरे राहिलेले आत्मकथन त्यांचे पुत्र सत्येंद्र मोरे यांनी पूर्ण केले आणि ते २००३ साली मराठीत प्रसिद्ध झाले. इंग्रजी वाचकांपर्यंतही ते आता पोहोचले आहे.

आता आपल्या पालकांच्या प्रश्नाकडे येऊ. मोरे यांच्या पत्रातील मुद्दा बाबासाहेबांच्या हातून संविधानात आला. अनुच्छेद २९ चा दुसरा खंड पाहा. राज्याने चालवलेल्या किंवा राज्याच्या निधीतून साहाय्य मिळणाऱ्या कोणत्याही शिक्षणसंस्थेत केवळ धर्म, वंश, जात, भाषा या कारणांवरून कोणाही नागरिकाला प्रवेश नाकारता येत नाही. सरकारचा पैसा घेणारी शाळा जात पाहू शकत नाही, हाच १९१४ च्या पत्राचा गाभा होता. पुढे २००२ च्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २१ क आला आणि सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचे शिक्षण हा मूलभूत हक्क झाला. २००९ साली शिक्षण हक्क कायदा झाला.

या कायद्यात पालकांच्या उपयोगाच्या तरतुदी आहेत, त्या प्रत्येक बुद्धविहारात वाचल्या गेल्या पाहिजेत. आठवीपर्यंतचे शिक्षण पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीत नापास करण्याची मुभा राज्यांना मिळाली, पण काढून टाकण्याची मनाई कायम आहे. जन्मदाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. वर्ष सुरू झाल्यावर मूल आले तरी त्याला घ्यावेच लागते. आधीच्या शाळेचा दाखला मिळायला उशीर झाला, हे प्रवेश अडवण्याचे कारण होऊ शकत नाही आणि दाखला अडवणारा मुख्याध्यापक शिस्तभंगाच्या कारवाईला पात्र ठरतो. मुलाला शारीरिक शिक्षा किंवा मानसिक त्रास देण्यास बंदी आहे. जातीमुळे शाळेत येण्यास अटकाव केला, तर २०१५ च्या दुरुस्तीनंतर तो अॅट्रॉसिटी कायद्याखालील गुन्हाही होतो.

आमच्या डोंगराळ तालुक्यांच्या दृष्टीने याचे महत्त्व फार मोठे आहे. २००५ च्या जुलैमध्ये दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते येथे दरडी कोसळल्या. २०२१ च्या जुलैमध्ये तळिये गाव गाडले गेले, पोलादपूर तालुक्यातही दरडींनी बळी घेतले आणि महाड शहर पाण्याखाली गेले. अशा वेळी घरातील कागद वाहून जातात, कुटुंबे नातेवाइकांकडे विखुरतात, मूल महिना-दोन महिने शाळेत जाऊ शकत नाही. पावसाळ्यात ओढा भरला की वाडीवरील मूल खाली उतरू शकत नाही. ही गैरहजेरी पालकाच्या बेपर्वाईची नाही. पण पालकाने ती लेखी कळवली नाही, तर हजेरीपटावर तिचा अर्थ बेपर्वाई असाच लावला जातो. दहावी-बारावीला तर मंडळाची पंच्याहत्तर टक्के हजेरीची अट असते. तेथे वेळीच दिलेल्या अर्जाला अधिकच किंमत आहे.

दुसरा प्रश्न शाळाच नाहीशी होण्याचा. २०१७ साली कमी पटाच्या सुमारे तेराशे शाळा बंद करण्याचा निर्णय राज्यात झाला. २०२३ साली वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याची हालचाल सुरू झाली. पोलादपूरच्या वाड्यावस्त्यांवर पट कमीच असणार. कारण कर्ती माणसे पोटासाठी शहरात आहेत. राज्याच्या २०११ च्या नियमांनुसार पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी, आणि जेथे लहान वस्तीमुळे शाळा नाही तेथे मोफत वाहतुकीसारखी सोय सरकारने करावी, असे तत्त्व आहे. मूल शाळेत आले नाही तर पालकाला विचारणा होते; शाळाच मुलापासून दूर गेली, तर विचारणा कोणी करायची? ती पालकांनीच करायची आहे.

ती कशी करायची, हे थोडक्यात सांगतो. अर्ज साध्या मराठीत, एका पानाचा असावा. त्यात मुलाचे नाव, इयत्ता, घडलेली घटना, तारीख आणि आपली मागणी असावी. त्याच्या दोन प्रती काढाव्यात आणि एका प्रतीवर शाळेचा शिक्का, सही, आवक क्रमांक घ्यावा. शाळा पोच देत नसेल तर अर्ज स्पीड पोस्टाने पाठवावा. उत्तर आले नाही तर केंद्रप्रमुख, मग पंचायत समितीतील गटशिक्षणाधिकारी, मग अलिबागचे शिक्षणाधिकारी, या क्रमाने जावे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ प्रमाणे स्थानिक प्राधिकरणाने लेखी तक्रारीचा निर्णय तीन महिन्यांत द्यायचा असतो आणि त्यावर बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते. हजेरीपटाची किंवा ठरावाची प्रत हवी असेल तर माहितीचा अधिकार आहेच. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे शाळा व्यवस्थापन समिती. तिच्यात तीन चतुर्थांश सभासद पालक असतात, निम्म्या महिला असाव्या लागतात आणि दुर्बल घटकांना प्रमाणात प्रतिनिधित्व असते. ही समिती आपण कोरमपुरती सही करण्याची जागा समजतो. वास्तविक मोरे यांना जे बाहेर उभे राहून विचारावे लागले, ते आत बसून विचारण्याचा अधिकार तिने आपल्याला दिला आहे.

सगळे शिक्षक वाईट असतात असे आम्ही मुळीच म्हणत नाही. डोंगर चढून एकशिक्षकी शाळा चालवणारे, पुरात स्वतःचे घर बुडालेले असताना मुलांची वह्या-पुस्तके गोळा करणारे शिक्षक याच तालुक्यांत आहेत. अशा शिक्षकांनाही पालकांच्या लेखी मागणीचा आधारच होतो. कारण वरच्या कचेरीला दाखवायला त्यांच्या हातात काही तरी येते. भांडण व्यक्तीशी नाही, कारभाराशी आहे.

मार्चमध्ये चवदार तळ्यावर येणाऱ्या प्रत्येक आई-बापाला आमचे सांगणे आहे. तळ्याला वंदन जरूर करा. पण घरी गेल्यावर आपल्या पोराच्या शाळेत जा, व्यवस्थापन समितीची बैठक कधी आहे ते विचारा, पोराची हजेरी तपासा आणि काही खटकले तर त्याच दिवशी अर्ज लिहा. लाडवलीच्या अकरा वर्षांच्या मुलाजवळ संविधान नव्हते, शिक्षण हक्क कायदा नव्हता, पाठीशी वडीलही नव्हते. आपल्याजवळ यातील बरेच काही आहे. मग आपल्या मुलांच्या शाळेच्या आवक नोंदवहीत आपल्या अर्जाची एक ओळही नसावी का?